तालीम पाहायला चला

मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती. होणाऱ्या विहीणबाईंनी सहज विचारलं, "बाई, तुम्ही नोकरीत काय होत्या?" मी तोंड उघडायच्या आत आमचे हे बोलून गेले, "नाटकात होती." विहीणबाईंचा कप बशीवरच थांबला. आमच्या झाडीपट्टीत, पूर्व विदर्भातल्या या धानाच्या मुलखात, नाटक म्हणजे जीव की प्राण, पण ते दुसऱ्याच्या घरच्या बाईनं केलेलं. मी घाईघाईनं सावरलं, "नाटकात नव्हते हो. नाटक मोडायच्या कामावर होते." त्यानं काही सुधारलं नाही. तरी लग्न झालं, जावई चांगले निघाले, आणि विहीणबाई अजून मधूनमधून विचारतात की ते मोडायचं म्हणजे नेमकं काय. त्यांना एकदाचं नीट सांगावं म्हणून हे लिहायला बसले आहे.

ऐंशीनंतरची ती वर्षं. चंद्रपूरपासून गडचिरोली नुकता वेगळा जिल्हा झाला होता, पण एसटीला ते कळलं नव्हतं, ती पूर्वीसारखीच दिवसातून एकदा यायची. एका संस्थेच्या कलापथकात आम्ही तिघं होतो. एक मास्तर. शाळेची नोकरी सोडून आलेले, मोठ्या शहरातल्या शिबिरात हे नवं तंत्र शिकून आलेले, वही कायम काखेत. दुसरे रशीदभाई. बल्लारपूरला त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, ते भावाच्या गळ्यात टाकून आले होते. सावकार, दारूवाला, मारकुटा नवरा, सगळी वाईट कामं त्यांच्याकडे. घरी कोंबडी कापायची झाली तर हा माणूस शेजाऱ्याला बोलावून स्वतः बाहेर फिरायला जायचा. आणि तिसरी मी, नागभीडच्या रेल्वे गँगमनची मुलगी. आमच्या घरात छप्पन्न सालापासून भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि वडिलांचा एकच धोशा, शिका आणि बोला. शिकले मॅट्रिकपर्यंत. बोलणं आधीपासूनच येत होतं.

काम ऐकायला सोपं. गावात जायचं, लोकांची एखादी अडचण ऐकायची, तिचा पंधरा मिनिटांचा प्रवेश बसवायचा. त्यात गरीब माणूस शेवटी हरतो. मग तोच प्रवेश पुन्हा पहिल्यापासून करायचा आणि बघणाऱ्यांना सांगायचं, जिथं तुम्हाला वाटेल की हा माणूस इथं चुकला, तिथं ‘थांबा’ म्हणा, उठून या, त्याची जागा घ्या आणि तुम्ही काय केलं असतं ते करून दाखवा. समोरचा सावकार किंवा साहेब मात्र आमचाच राहणार, आणि तो सहजासहजी ऐकणार नाही. भाषण नाही, उपदेश नाही. मार्ग लोकांनी शोधायचा, आम्ही फक्त वाट अडवून उभं राहायचं.

पहिला प्रयोग नागभीडजवळच्या एका गावात झाला. माझ्या माहेरचा मुलूख, म्हणून मी छाती काढून गेले होते. दुपार टळली होती, मंडप होता, पडदा होता, नारळ फोडला, नांदी झाली. प्रवेश एकदा झाला, लोकांनी डोळे पुसले. दुसऱ्यांदा सुरू झाला आणि मास्तर कडेनं ओरडू लागले, "थांबवा! कोणीतरी थांबवा!" एक माणूस हलेना. मास्तर स्वतःच मध्ये येऊन "थांबा" म्हणाले, पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबवलं. अख्खा गाव आमच्याकडे असा बघत होता, जसं भरल्या ताटावरून कोणी उठून जावं.

खेळ आटोपल्यावर एक म्हातारबुवा माझ्याकडे आले. गावच्या नाटकांना त्यांनी जन्मभर पडद्याआडून वाक्यं पुरवली होती.

"बाई, तुमच्यातलं कोणी वारलं का जी?"

"नाही बुवा. का?"

"मंग काऊन थांबून राह्यले होते? नारळ फुटला, नांदी झाली, आता नाटक थांबते का कधी? अपशकुन आहे तो. आमच्या इथी राजा तापानं पडला तरी पडल्या पडल्या वाक्य म्हणते."

मास्तरांनी वही उघडून त्यांना तंत्र समजावलं. बुवांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लोकायनं बोलावं असं वाटते ना तुमाले? तं मंग नाटकाले कायले बोलावता? तालमीले बोलवा. तालमीत तं आमच्या गावचं कुत्रं बी चूक काढते."

शिबिरात जे कोणी शिकवलं नव्हतं ते त्या म्हाताऱ्यानं दोन वाक्यांत शिकवलं. खरंच, झाडीपट्टीत दिवाळीच्या आधी तालमी सुरू झाल्या की अख्खा गाव तिथं जमतो. "असं नाई म्हणत बे", "राजा हाये तू, भिकारी नाई", असा आरडाओरडा चालतो, आणि कोणी पुढं येऊन करूनही दाखवतो. त्यात कुणाला लाज नाही, कुणाचा अपमान नाही. त्या दिवसापासून आम्ही नारळ बंद केला. पडदा नाही, तोंडाला रंग नाही, हातात मुद्दाम वह्या धरायच्या. कोतवाल दवंडी द्यायचा, "आज शाळेच्या ओसरीत तालीम आहे हो, तालीम पाहायला चला." आणि लोक तुटून पडायचे.

दुसऱ्याच गावात एका गृहस्थांनी रशीदभाईंचा दारूवाला मध्येच थांबवला. "दारूवाला असा हसत नाई. तो हसतच नाई कधी. हसते ते गिऱ्हाईक." मग त्यांनी अर्धा तास रशीदभाईंना शिकवलं, मडकं कुठं लपवायचं, पाणी किती घालायचं, कुणाला पहिली बाटली फुकट द्यायची. मास्तर भराभर लिहून घेत होते. एवढा अभ्यास बघून आम्ही थक्क. नंतर कळलं की गावची हातभट्टी त्यांचीच. मुरलेला कारागीर, दुसऱ्यानं केलेली चूक त्यांना बघवली नाही. पण पाण्याचं प्रमाण ऐकून त्यांच्या गिऱ्हाइकांनीच त्यांना धरलं, आणि बायकांनी काही करायच्या आत पुरुषांनीच भट्टी फोडली. आम्ही हसून हसून लोळलो. दारूबंदीचं यश म्हणून संस्थेच्या अहवालात ते गाव गेलं. कारण मात्र आम्ही लिहिलं नाही.

सगळंच असं हसण्यावारी गेलं असतं तर मला हे काम कधी कळलंच नसतं. गडचांदूरकडच्या एका गावात सुमन नावाची तरणी बाई तालमीत उठली. रशीदभाई दारुड्या नवऱ्याच्या कामात होते. तिनं त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं, "भायेर हो. हे घर मी बांधलं." टाळ्या थांबेनात. आम्ही खुशीत संध्याकाळच्या बसनं निघून आलो. आठ दिवसांनी समजलं, तिच्या खऱ्या नवऱ्यानं त्याच दिवशी तिचा हात मोडला होता. मी भेटायला गेले. ती रागावली नाही, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाली, "तालमीत तुमी होत्या बाई. घरी कोणी नोतं." याची मला आजही लाज वाटते. आम्ही तिला बळ दिलं आणि ते वापरायची वेळ आली तेव्हा बसच्या खिडकीशी बसून भुईमुगाच्या शेंगा खात होतो. त्यानंतर मी मास्तरांना निक्षून सांगितलं, तालमीनंतर तीन दिवस गाव सोडायचं नाही. वेळापत्रक कोलमडलं तर कोलमडलं.

हा नियम झाला म्हणून हिराबाई घडली.

गाव गडचिरोलीकडचं, जंगलातलं, गोंडांचं. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. पावसाळा लागला होता आणि आम्ही हगवणीवर प्रवेश घेऊन गेलो होतो, पाणी उकळा, हात धुवा. दवंडी झाली, पण ओसरीत जमलेल्या बायांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. सगळ्या एका बाईभोवती बसल्या होत्या. हीच हिराबाई. चाळिशीची, काटक, बोलताना खाली बघणारी. नवरा मोहाच्या झाडावरून पडून कमरेतून अधू झालेला. शेती ती एकटी बघायची.

तिच्या घराचा आडा, छपराचा मधला मोठा वासा, पावसाच्या तोंडावर मोडला होता. घरकामापुरतं सुकं लाकूड जंगलातून आणायची त्या गावाला सवलत होती, तशी ती एक बंडी, म्हणजे बैलगाडी, भरून घेऊन आली. पण नाक्यावरच्या नाकेदाराचा, म्हणजे जंगलाच्या शिपायाचा, एक दस्तूर होता. बंडीमागं एक कोंबडा. गाव इतकं सरावलं होतं की घरोघर एक पिल्लू नाक्याचं म्हणून वेगळं वाढवत. हिराबाईचं ते पिल्लू मुंगसानं नेलं होतं. उरलेला कोंबडा तिनं नवऱ्याच्या दुखण्यात देवाच्या नावानं सोडला होता. तो ती देईना. नाकेदारानं बंडी धरली, बैलांसकट.

"देवाचा कोंबडा मी त्याले कसा देऊ जी?" ती मला म्हणाली. "आज आठ दिवस झाले. पऱ्हे वाढून राह्यले. अजून चार-पाच दिवसांत चिखलणी नाई झाली तं ते रोवून बी काई होत नाई. मंग वरीसभर काय खायाचं?"

धानाची रोपं, म्हणजे पऱ्हे, ठराविक दिवसांत चिखल केलेल्या बांधीत गेली तर गेली. आणि त्या दिवसांत गावात कोणाचीच बैलजोडी रिकामी नसते. म्हणजे चार दिवसांत बैल परत आले नाहीत तर हिराबाईचं वर्ष गेलं. रशीदभाई माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, हगवण थांबेल दोन दिवस." मास्तर कुरकुरले. जंगल खातं अंगावर घ्यायचं, संस्थेला काय सांगायचं? मी म्हटलं, सांगू की तालीम होती.

दिवेलागणीला शाळेच्या ओसरीत तालीम लागली. रशीदभाई हातात काठी घेऊन नाकेदार, मी हिराबाई. एकदा प्रवेश झाला, मी हरले. दुसऱ्यांदा सुरू होताच पहिला ‘थांबा’ आला. एक म्हातारा उठला, रशीदभाईंच्या पाया पडला. रशीदभाई म्हणाले, "पाय सोड, कोंबडा आण." दुसऱ्यानं दोन कोंबडे दिले. रशीदभाईंनी ते काखेत मारले आणि म्हणाले, "पुढच्या बंडीला तीन." तिसरा तरणाबांड गडी कुऱ्हाड उगारून धावला. रशीदभाई गरजले, "सरकारी कामात अडथळा! चल ठाण्यात!" गडी मागं सरला. चौथा कोणी उठेना.

तेव्हा हिराबाई बसल्या जागेवरून हळूच म्हणाली, "थांबा."

मला वाटलं, आता ही माझी जागा घेईल. पण ती थेट रशीदभाईंकडे गेली. "भाऊ, तुमी नाकेदार बराबर नाई करून राह्यले. तो आमच्याकडं पाह्यतच नाई. तो बैलाकडं पाह्यते. इकडं द्या ती काठी."

आमच्या तंत्रात हे बसत नव्हतं. जुलूम करणाऱ्याची जागा बघणाऱ्यांनी घ्यायची नसते. मास्तर वही उघडून काही म्हणणार, तोच मी सदरा ओढून त्यांना खाली बसवलं. हिराबाईनं काठी घेतली, पाय ताणून बसली, नजर लांब कुठंतरी बैलांवर लावली. रशीदभाईंनी खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावर घेतला आणि ते हिराबाई झाले. बाया हसून एकमेकींवर पडल्या. पण हिराबाई हसली नाही.

"साहेब, बैल सोडा ना जी," रशीदभाई विनवू लागले.

"कोंबडा आण."

"देवाचा आहे साहेब."

"मंग देवालेच सांग बैल सोडाले."

हुबेहूब. रशीदभाईंनी सगळं करून पाहिलं, ती ढिम्म हलेना. एवढ्यात मागून गावचा कोतवाल ओरडला. बिचाऱ्याचा जन्म साहेबलोकांच्या मागं पंच गोळा करत फिरण्यात गेलेला. "साहेब, बंडी धरली तं पंचनामा केला का जी?"

नाकेदार झालेली हिराबाई गप्प झाली. काठी हातात तशीच. आम्हाला वाटलं, बाई वाक्य विसरली. रशीदभाई पदराआडून कुजबुजले, "बोला ना बाई."

"थांबा," ती म्हणाली. "मले भेव वाटून राह्यलं."

"कशाचं?"

"कागदाचं." ती सावकाश, एकेक शब्द उचलून बोलत होती. "पंचनामा करीन तं लाकूड सुकं होतं म्हणून लिहा लागन. मोठा साहेब विचारन, सुकं होतं तं धरलं काऊन? आन् नाई केला तं विचारन, कागद नाई, मंग बैल कोणाच्या हुकमानं बांधले?" तिनं काठी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच वर बघितलं. "अवो, हा तं आमच्याहून जास्त भेते!"

मी वीस वर्षं हे काम केलं. पण कोणाच्या डोळ्यांदेखत भीती अशी एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाताना पुन्हा कधी पाहिली नाही. ओसरीत एकच गिल्ला झाला. जो तो नाकेदार व्हायला उठू लागला, म्हाताऱ्या बायासुद्धा. काठी हातोहात फिरली. सगळ्यांनी नाकेदाराच्या जागी बसून घाबरून पाहिलं. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर पुन्हा तालीम झाली, आणि दोन्ही बाजूंची वाक्यं गावाला पाठ झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाव नाक्यावर निघालं. आम्हीही निघालो. मला सुमनचा हात आठवत होता. काही वाकडं झालं तर यावेळी आपण तिथं असायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

नाकेदार खाटेवर बसून दातून करत होता. त्याच्यामागं बैल बांधलेले, पुढ्यात मूठभर धानाचं तणस, बरगड्या मोजता येतील असे. एवढे लोक बघून तो काठी घेऊन उठला. मास्तरांनी घसा साफ केला, वही काखेत घट्ट केली आणि पुढं झाले. हिराबाईनं त्यांना हातानं अडवलं.

"मास्तर, तुमी तिकडं झाडाखाली उभे ऱ्हा. या खेळात तुमचं काम नाई."

मास्तरांचं तोंड बघण्यासारखं झालं. आम्ही तिघं मुकाट्यानं झाडाखाली जाऊन उभे राहिलो.

"बैल न्याले आलो साहेब," हिराबाई म्हणाली.

नाकेदारानं तिच्याकडे पाहिलंच नाही. तो बैलांकडे बघत म्हणाला, "कोंबडा आणला का?"

बायांमध्ये खसखस पिकली. अगदी तेच वाक्य! नाकेदार गोंधळला. का हसतात ते त्याला कळेना, आणि न कळल्यामुळे त्याचा आवाज चढला. "काय लावलं हे? चला निघा! नाहीतर... नाहीतर मी..." पुढचं काही त्याला सुचेना.

मागून एका म्हातारीनं मोठ्यानं वाक्य पुरवलं, "सरकारी कामात अडथळा!"

"हां, सरकारी कामात अडथळा!" नाकेदार म्हणून गेला.

मग जे हसू उसळलं ते आवरेना. रशीदभाई झाडाला टेकून डोळे पुसत होते. हसणं ओसरलं तेव्हा कोतवालानं, सरकारी नोकर तो, पगडी नीट करून विचारलं, "साहेब, पंचनामा केला का जी? केला असन तं दाखवा. नसन केला तं चला, आपण समदे मोठ्या साहेबाकडं जाऊ."

नाकेदार गप्प झाला. परवा ओसरीत हिराबाई झाली होती तसाच, काठी हातात घेऊन, तेवढाच वेळ. आता कोणी हसलं नाही. हिराबाई त्याच्या अगदी जवळ गेली. तिच्या आवाजात राग नव्हता, मला तर माया वाटली.

"साहेब, भेऊ नोका. मले ठाव आहे तुमाले कसं वाटून राह्यलं. परवा मी तुमच्या जागी बसून पाह्यलं."

त्यानं मान खाली घातली आणि स्वतःच्या हातानं बैलांची दावी सोडली. लोक जल्लोष करणार, तेवढ्यात हिराबाईनं हात वर केला. "कागद बी द्या साहेब. उद्या म्हणान, चोरून नेले."

त्यानं आत जाऊन दोन ओळी लिहून आणल्या. हिराबाईला अक्षरओळख नव्हती. मास्तरांनी आशेनं एक पाऊल पुढं टाकलं, पण तिनं माझ्याकडे बघून हाक दिली, "बाई, तू वाच. समद्यायले ऐकू गेलं पायजे."

मी पुढं झाले. शेकडो खेळांत मी हजारो वाक्यं म्हटली, रडले, ओरडले, टाळ्या घेतल्या. त्या दिवशी मला एकच काम होतं. कागद सगळ्यांना दिसेल असा धरला. खणखणीत वाचलं, "लाकूड सुके, घरकामाचे. बंडी व बैलजोडी हिराबाईस परत दिली."

"हिराबाईस?" तिनं विचारलं. "माह्यं नाव लिवलं त्यानं?"

"हो. तुमचंच."

तिनं कागद हातात घेतला, उलटासुलटा पाहिला आणि म्हणाली, "कुठी आहे ते, बोट ठेव." मी बोट ठेवलं. तिनं माझं बोट बाजूला सारून तिथं स्वतःचं ठेवलं.